नळीला नाक लावून

‘दूध काढायचं मशीन विकणे आहे. डबल बकेट. चालू कंडिशन. गाया विकल्यामुळे देणे.’ गोदाकाठच्या गावांतल्या व्हॉट्सॲप गटांवर या धाटणीचे निरोप फिरत असतात, आणि दुधाचा भाव पडला की त्यांचा ओघ वाढतो. खाली फोटो असतो. लोखंडी गाड्यावर बसवलेली मोटार, शेजारी व्हॅक्यूमची टाकी, स्टीलच्या दोन बादल्या आणि हँडलला गुंडाळून टांगलेल्या काळ्या नळ्या. घेणारा येतो, मोटार चालू करून बघतो, व्हॅक्यूमच्या घड्याळाचा काटा चढतो का ते बघतो, बादलीला पोचे किती ते मोजतो, हजार-दोन हजार सोडवून घेतो आणि मशीन पिकअपमध्ये टाकून निघतो. नळीला नाक लावून बघणारं गिऱ्हाईक विरळा.

मग घरच्या गोठ्यात पहिली धार निघते, दूध डेअरीवर जातं, कॅनचं झाकण उघडलं जातं आणि तिथला पोरगा नाक मुरडतो. फॅट लागलेली असते, लॅक्टोमीटरची डिग्री लागलेली असते, पण दुधाला वास. गाय बदललेली नाही, वैरण बदललेली नाही. बदललं ते मशीन. घरी येऊन बादली घासली जाते, कप घासले जातात, गरम पाणी ओतलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी वास पुन्हा हजर. या वासाचा माग काढायचा तर पुणतांब्यासारखं दुसरं ठिकाण नाही, कारण दूध हा तिथे नुसता जोडधंदा राहिलेला नाही, राजकारण आहे.

पुणतांबा हे गोदावरीच्या उजव्या तीरावरचं, चांगदेवांच्या समाधीचं गाव. दौंड-मनमाड लोहमार्गावरचं स्टेशन. शिर्डीकडे जाणारा रेल्वेचा फाटा इथूनच फुटतो. पूर्वी कोपरगाव तालुक्यात होतं, राहाता तालुका वेगळा झाला तेव्हा तिकडे गेलं. काळी जमीन, कालव्याचं पाणी, ऊस, गहू, मका आणि मळ्यामळ्यांत पत्र्याचे गोठे. उरलेल्या महाराष्ट्राला गावाचं नाव तोंडपाठ झालं ते १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे. शेतकऱ्यांनीच संपावर जायचं, शहराला भाजी आणि दूध पाठवायचं नाही, ही कल्पना या गावाच्या ग्रामसभेतून निघाली आणि बघता बघता राज्यभर पसरली. रस्त्यावर ओतलेल्या दुधाची चित्रं तेव्हा देशभर दिसली. त्याच महिन्याच्या अखेरीस ३४ हजार कोटींच्या कर्जमाफीची घोषणा झाली. २०२२च्या जूनमध्ये गाव पुन्हा धरण्याला बसलं, आणि मागण्यांच्या यादीत दुधाचा भाव तेव्हाही होता.

त्या ओतलेल्या दुधावर पुष्कळ लिहून झालं आहे. भाव न मिळाल्यामुळे गेलेलं दूध सगळ्यांना दिसलं. मशीनच्या नळीत रोज छटाक-छटाक राहून नासतं आणि नंतर पुढचं सगळं दूध नासवतं, ते मात्र कुणाच्या चित्रात येत नाही. दोन्हींची तुलना करायची नाही. भावाचा प्रश्न नळी धुऊन सुटत नाही, आणि तो तसा सुटतो असं सुचवणाऱ्या व्याख्यात्याला गावात बसायला खुर्चीही मिळू नये. पण ज्याला लिटरमागे रुपया-दोन रुपयांसाठी भांडावं लागतं, त्यानेच वासापायी अख्खा कॅन परत आणावा, हे परवडणारं नाही.

आधी हे मशीन गोठ्यात आलं कसं ते बघू. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला ‘बाएफ’ ही संस्था सुरू केली. संकरित गाई खेडोपाडी पोचवण्यात तिचा वाटा मोठा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर या तिन्हींचं रक्त एकत्र आणून ‘फुले त्रिवेणी’ तयार केली. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) होल्स्टीनच्या संकरित गाई रुळल्या, आणि दिवसाला पंधरा-वीस लिटर देणारी गाय ही अप्रूपाची गोष्ट राहिली नाही. गाय वाढली तसे हात कमी झाले. चार गाईंची धार दोन माणसं हाताने काढू शकतात; दहा गाईंची काढायची तर मनगटं सुजतात आणि पहाटे चारला येणारा गडी मिळत नाही. शिवाय धार काढण्याचं काम बहुतेक घरांत बाईच्या वाट्याचं. मशीन आलं तेव्हा सुटकेचा श्वास टाकला तो तिने. पुढे मशीन धुण्याचं कामही तिच्याच वाट्याला आलं, ही गोष्ट वेगळी.

नवं मशीन घ्यायचं तर बादल्या किती, पंप कसला यावर किंमत ठरते, पण अर्ध्या लाखाची तयारी ठेवावी लागते. जुनं निम्म्यात मिळतं. आणि जुनं मिळतं कुणाकडून? ज्याने गाई विकल्या त्याच्याकडून. इथेच वासाचा उगम आहे. चालत्या गोठ्यातून निघालेलं मशीन सहसा इतकं घाण नसतं, कारण ते दिवसातून दोनदा पाणी बघतं. गोठा बंद होतो तो भाव पडल्यावर, लम्पीसारखी साथ येऊन गेल्यावर, किंवा घरात कुणी आजारी पडल्यावर. शेवटची धार निघते, गाई लोणी गावच्या जनावरांच्या बाजाराला जातात, आणि उदास झालेलं घर त्या दिवशी मशीन नीट धुवायच्या मनःस्थितीत नसतं. नळ्या गुंडाळून खुंटीला लागतात. आत राहिलेलं दूध आधी आंबतं, मग वाळतं, मग उन्हाळा खातं, पावसाळा पितं. सहा-आठ महिन्यांनी निरोप फिरतो: चालू कंडिशन.

मशीनचं अंतरंग फार अवघड नाही. पंप हवा ओढतो आणि टाकीत निर्वात तयार होतो. पाऱ्याच्या हिशेबाने ३०० ते ३८० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या निम्म्याला जरा खाली. तिथून दोन वाटा. एका वाटेने ओढ बादलीत येते आणि बादलीतून दुधाच्या लांब नळीने क्लॉपर्यंत, म्हणजे जिथे चार कप जोडलेले असतात त्या भांड्यापर्यंत, पोचते. दुसरी वाट पल्सेटरची. तो मिनिटाला साधारण साठ वेळा टक-टक करतो आणि स्टीलच्या कपाच्या आतल्या रबरी लायनरभोवतीची हवा आळीपाळीने ओढतो नि सोडतो. लायनर उघडतो तेव्हा सडातून दूध येतं, मिटतो तेव्हा सडाला विसावा मिळतो. वासरू पिताना जे करतं त्याची ही नक्कल, आणि माणसाला ती साधायला फार वर्षं लागली. स्कॉटलंडच्या किल्मार्नॉकमधल्या विल्यम मर्चलंडने १८८९मध्ये सतत ओढणारं मशीन केलं. सततच्या ओढीने सड सुजतात, रक्त साकळतं. १८९५च्या सुमाराला अलेक्झांडर शील्सच्या ‘थिसल’ मशीनने पल्सेटर आणला, आणि १९०३मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांडर गिलीजने दोन कप्प्यांचा कप केला. आज पुणतांब्याच्या गोठ्यात टकटकतं ते मुळात तेच तत्त्व.

म्हणजे नळ्या दोन जातींच्या. एकीतून दूध जातं, दुसरीतून फक्त हवा. हा भेद लक्षात ठेवायचा, कारण वासाचा सगळ्यात बनेल गुन्हेगार हवेच्या नळीत लपलेला असतो. त्याच्याकडे नंतर येऊ.

जुनी नळी हातात आली की पाण्याआधी नाक वापरायचं. नळी काही वेळ उन्हात किंवा कोमट पाण्यात ठेवून गरम करावी, एक टोक अंगठ्याने बंद करावं, दुसरं नाकाशी धरावं. थंड नळी फसवते. आंबूस, ताकासारखा वास आला तर फार काळजी नाही. दुधातल्या साखरेचं आम्ल झालं आहे, ते धुऊन जाईल. खवट वास आला, जुन्या तुपासारखा किंवा त्याहून वाईट ओकारीसारखा, तर स्निग्धांश फुटून ब्युटिरिक आम्ल सुटलं आहे. त्याला सोडा लागेल आणि तरीही ते पूर्ण जाईल याची हमी नाही. कुजका, मेलेल्या उंदराची आठवण करून देणारा वास म्हणजे प्रथिनं सडली, आणि बहुधा नळीच्या एखाद्या वळणात किंवा जोडाखाली त्यांचा थर घट्ट बसलाय. कुबट वास बुरशीचा. आणि जळक्या तेलाचा वास आला तर दोष नळीचा नाहीच. पंपाचं तेल उलटं येतंय किंवा टाकीत साचलंय, मिस्त्रीला बोलवा.

यातला कुठलाच वास नळीतल्या हवेत नसतो. तो भिंतीवर चढलेल्या थरात असतो, आणि हा थर एकजिनसी नाही. सगळ्यात खाली क्षारांचा, त्यावर प्रथिनांचा, त्यावर स्निग्धांशाचा, आणि या सगळ्यात घर करून बसलेले जीवाणू, आपल्याभोवती चिकट आवरण विणून. नुसतं क्लोरीनचं पाणी ओतलं तर वरचे मरतात, खालचे राहतात. गोठ्यात दोन दिवस वास गेल्यासारखा वाटून तिसऱ्या दिवशी परत येतो तो याचमुळे.

म्हणून धुण्याला क्रम आहे, आणि क्रम चुकला की मेहनत वाया जाते. पहिलं पाणी कोमट. हाताला सुखाचं वाटेल असं, ३५ ते ४५ अंशांच्या मधलं. थंड पाण्याने स्निग्धांश भिंतीवर थिजतो. आणि पहिलंच पाणी उकळतं घेतलं, जे अनेक घरांत मोठ्या भक्तिभावाने घेतात, तर प्रथिनं शिजून भिंतीला कायमची डकतात. गोठ्यात गेलं की हमखास ऐकू येतं, “आमी तर उकळतं पानी वततो, काय राहतंय त्यात?” राहतं ते हेच. उकळत्या पाण्याचा मान आहे, पण दुसऱ्या पंगतीत.

दुसरं पाणी गरम, ७० अंशांच्या पुढचं, आणि त्यात अल्कली. डेअरीच्या दुकानात मशीन धुण्याची पावडर मिळते ती उत्तम, कारण तिला फेस येत नाही. कपड्यांची पावडर नको. तिचा फेस व्हॅक्यूमबरोबर थेट टाकीकडे चढतो आणि तिचा सुगंध रबरात शिरतो. मग दुधाला मोगऱ्याचा वास येतो आणि डेअरीवाला तेही घेत नाही. पावडर नसेल तर धुण्याचा सोडा, लिटरला आठ-दहा ग्रॅम. सोड्याने स्निग्धांशाचा साबण होतो, प्रथिनं सैल पडतात, आणि ब्युटिरिक आम्लाचं वास नसलेल्या क्षारात रूपांतर होतं. पाणी नुसतं ओतायचं नाही. मशीन चालू करून टबातलं द्रावण चारही कपांनी ओढायचं, आणि अधूनमधून कप पाण्याबाहेर काढून हवा घ्यायची. मग नळीत पाणी आणि हवा गचके देत पळतात; तोच खरा ब्रश. आठ-दहा मिनिटं. पाणी ४० अंशांच्या खाली निवायच्या आत बाहेर काढायचं, नाहीतर सुटलेली घाण पुन्हा बसते.

सोड्यात मात्र एक मेख आहे, आणि ती या भागातच जास्त टोचते. विहिरीचं आणि बोअरचं पाणी जड. त्यात सोडा टाकला की पाण्यातला कॅल्शियम पांढऱ्या भुकटीसारखा खाली बसतो, आणि तो दुधातल्या क्षारांना मिळून नळीत खरखरीत पांढुरका लेप धरतो. दुग्धशास्त्रात याला दुग्धपाषाण म्हणतात. बोटाला तो बारीक वाळूसारखा लागतो. सोडा कितीही वाढवत नेला तरी हा हलत नाही, उलट वाढतो. त्याला आम्लच लागतं. डेअरीचं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण मिळालं तर छान, नाहीतर सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, लिटरला पाच-दहा ग्रॅम, कोमट पाण्यात. चालू मशीनला हे आठवड्यातून एकदा पुरतं. पडून राहिलेल्या मशीनला लागोपाठ दोन-तीनदा करावं लागतं, सोडा आणि आम्ल आलटून पालटून, मध्ये भरपूर साधं पाणी.

इथे एक गंमत घडते. सोड्याने धुतल्यावर नळी निर्मळ वाटते, आणि आम्ल घातलं की तो ओकारीसारखा वास दुप्पट जोराने उसळून वर येतो. बाया घाबरतात, आम्लाने नळी बिघडली म्हणतात. बिघडलेलं काही नसतं. सोड्याने ज्याचा क्षार झाला होता आणि जो धुऊन गेला नव्हता, त्याचं आम्लाने पुन्हा ब्युटिरिक केलं. नळीत अजून माल शिल्लक आहे याची ती पावती. पुन्हा सोडा, पुन्हा पाणी, पुन्हा आम्ल. ज्या फेरीला आम्ल घालूनही वास उसळत नाही, त्या फेरीला नळी धुतली गेली असं समजायचं. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही तपासणीपेक्षा ही सोपी, आणि फुकट.

आम्लाच्या बाबतीत दोन गोष्टी गमतीच्या नाहीत. संडास धुण्याचं ॲसिड मशीनला लावू नये. ते हायड्रोक्लोरिक असतं, स्टीलला बारीक खड्डे पाडतं आणि त्या खड्ड्यांत पुढे कायमची घाण बसते. आणि आम्ल नि क्लोरीनचं पाणी कधीही एकत्र येऊ देऊ नये, एकाच बादलीत तर नाहीच. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो छाती जाळतो, आणि जास्त झाला तर माणूस जातो.

क्लोरीनची पाळी शेवटी, सगळे थर निघाल्यावर. दुकानातलं चार टक्क्यांचं हायपोक्लोराइट दहा लिटर पाण्यात ५० मिलिलिटर टाकलं की दशलक्षात २०० भाग होतात, तेवढं बास. धारेच्या जरा आधी हे पाणी एकदा ओढून निथळू द्यावं. रात्रभर भिजत घालणं म्हणजे रबर कडक करून घेणं.

आणि वास मारण्यासाठी वास लावायचा नाही. हे वेगळं सांगावं लागतं, कारण फिनेल हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय आहे. संडास, मोरी, दवाखाना, एसटी स्टँड, सगळीकडे त्याचाच अंमल. काळ्या फिनेलातले फेनॉल रबरात मुरतात. त्यांची क्लोरीनशी गाठ पडली तर क्लोरोफेनॉल तयार होतात, आणि त्यांची चव दुधात अब्जांत काही भाग इतक्या प्रमाणातही जिभेला कळते. आंबूस दूध एकवेळ पनीरवाला घेईल, औषधी वासाचं दूध कुत्रंही हुंगून सोडतं. दूध आसपासचा वास फार लवकर धरतं. ज्या आज्जी दुधाच्या पातेल्याजवळ कांदा चिरू देत नसत, त्यांना हे कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत होतं.

वाळवायचं कसं? दिवाळीच्या आवराआवरीत गाद्या, पाटे-वरवंटे, लोणच्याच्या बरण्या, सगळ्यांना ऊन दाखवायची आपली रीत. गादीला ते भलं. रबराला नाही, उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने त्याला बारीक भेगा पडतात, आणि भेग म्हणजे जीवाणूला खोली भाड्याने दिली. नळ्या सावलीत, वाऱ्यात, दोन्ही तोंडं खाली येतील अशा टांगायच्या. वेटोळं घालून ठेवलं की तळाच्या वळणात चमचाभर पाणी राहतं, आणि कोरड्या नळीत जे काहीच वाढलं नसतं ते त्या चमच्यात रात्रभरात वाढतं.

हेच सगळं घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला लागू पडतं का, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकाला पडला असेल. मशीन एकाच घराण्यातलं. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथने ओढणारं यंत्र केलं. त्याआधी लोक धूळ फुंकून उडवत. ते फुंकणारं यंत्र पाहून त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली आणि ठसकला, पण रुमालाला खालून काळा डाग पडला होता. त्याचं यंत्र घोडागाडीवर रस्त्यात उभं राही आणि नळ्या खिडक्यांतून घरात जात. आपल्याकडे १९८२मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्ज उभी राहिली, तिचे टायवाले विक्रेते शहरांत दारोदार गेले, आणि मध्यमवर्गाच्या माळ्यावर यूरोक्लीनचं खोकं आलं. त्यातली पुष्कळ खोकी आज जुन्या बाजारात आहेत, आणि घेणाऱ्याची तक्रार तीच. मशीन ओढतं छान, पण लावलं की घरभर कुबट वास.

तिथे थर दुधाचा नसतो. धूळ, केस, माणसाच्या कातडीचा भुसा आणि कधीतरी ओढलं गेलेलं सांडलेलं पाणी. त्यामुळे आम्ल-सोड्याचा खटाटोप लागत नाही. मात्र ही नळी आतून पन्हळी असते आणि प्रत्येक पन्हळीत घाण बसते, म्हणून नुसतं पाणी सोडून भागत नाही. सुतळीला ओलं फडकं बांधून आरपार ओढावं, मग भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी भरून नळी उलटसुलट हलवावी, वास राहिलाच तर पातळ व्हिनेगर, शेवटी साधं पाणी, आणि दोन-तीन दिवस टांगून वाळवणं. घाईने ओली नळी मशीनला लावली तर वास परत येतोच, शिवाय मोटारीत ओल जाते. ज्या नळीतून टोकाच्या फिरत्या ब्रशला विजेची तार गेलेली असते, ती नळी पाण्याला दाखवायचीच नाही. आणि खाण्याचा सोडा ओढून घ्यायचा जो उपाय सर्रास सांगितला जातो, तो मला पटत नाही. ती भुकटी इतकी बारीक असते की गाळणीत अडकून दम कोंडते किंवा गाळणीपार जाऊन मोटारीत बसते. घरच्या नळीचा वास फार तर पाहुण्यांना येतो. गोठ्यातल्या नळीचा वास दुधाच्या पगारातून वजा होतो.

परत गोठ्यात, त्या हवेच्या नळीकडे. सगळं धुऊन झालं, आम्लाची परीक्षाही पास झाली, तरी मशीन चालू केलं की दरवळतंच, असं होतं तेव्हा पल्सेटरच्या नळ्या काढून बघाव्यात. त्यांतून फक्त हवा जायची असते, म्हणून त्या कुणी कधी धुतच नाही. पण लायनरला बारीकशी चीर पडली की त्या चिरेतून दूध कपाच्या मागच्या बाजूला जातं, तिथून हवेच्या नळीत, तिथून पल्सेटरमध्ये, आणि बादली काठोकाठ भरली तर वेगळ्या वाटेने थेट टाकीत. या भागात पाणी पोचत नाही, ऊन पोचत नाही, हात पोचत नाही. मागच्या मालकाच्या काळातलं दूध तिथे पिवळ्या पापडीच्या रूपात नांदत असतं. टाकीचा तळातला नट उघडून बघणारे मिस्त्री आहेत, पण मालकाने सांगितलं तरच. टाकी आणि हवेच्या नळ्या पंपापासून सोडवून धुवाव्या लागतात; पाणी ओढताना पंपात गेलं तर वासाचा प्रश्न सुटतो आणि पंपाचा सुरू होतो.

चिरलेला लायनर नुसत्या वासावर थांबत नाही. भेगांत राहिलेले जीवाणू एका गाईच्या सडातून दुसरीच्या सडात जातात, आणि कासेला दगडी (कासदाह) होते. दगडी झालेल्या गाईच्या औषधपाण्याचा खर्च, टाकून द्यावं लागणारं दूध आणि कायमचा बंद पडलेला एखादा सड, हे सगळं मिळून नळ्यांच्या किमतीच्या कितीतरी पट होतं. रबरी लायनर साधारण अडीच हजार धारांनी बदलावा असा नियम. दहा गाई, दोन वेळा, एकच कपांचा संच, म्हणजे दिवसाला वीस धारा. सव्वाशे दिवसांत, चार महिन्यांत आयुष्य संपलं. गोठ्यांत तो सहसा फाटेपर्यंत चालतो. यात आळसापेक्षा हिशेब जास्त आहे. ज्या महिन्यात पेंडीचं पोतं महागलं आणि दुधाचा दर उतरला, त्या महिन्यात न फाटलेला लायनर बदलायला कुणाचा हात होत नाही. फक्त स्वच्छतेचे धडे देणारे हा हिशेब धरत नाहीत.

दुधाचा पैसाही वासावर सरळ ठरत नाही, हेही खरं. संकलन केंद्रावर दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेल्या घन घटकांवर. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हे आपल्याकडचे मूळ आकडे, त्याखाली पॉइंटमागे कपात. २०२४मध्ये सरकारने लिटरमागे अनुदान दिलं तेही याच आकड्यांना बांधून. जीवाणूंची मोजणी गावपातळीवर होत नाही. शीतकेंद्रावर मिथिलीन ब्ल्यूची परीक्षा होऊ शकते. दुधात निळा रंग टाकतात आणि तो किती वेळाने उडतो ते बघतात. पाच तासांच्या वर टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर टाकाऊ. पण तोवर वीस घरांचं दूध एका कूलरमध्ये मिसळलेलं असतं आणि कुणाच्या नळीने घात केला ते कळायला मार्ग नसतो. म्हणजे जो नळी घासतो त्याला घासण्याचा जादा पैसा मिळत नाही, आणि जो घासत नाही तो वीस जणांत लपून जातो, कॅन उघडताना पकडला गेला नाही तर. चांगल्या दुधाला चांगला भाव अशी घोषणा देणाऱ्या संघांनी ही मोजणी गोठ्यापर्यंत आणली, तर उपदेशापेक्षा जास्त नळ्या स्वच्छ होतील असं मला वाटतं.

तोवर जुनं मशीन घेणाऱ्याने काय करावं? कोमट पाण्याची बाटली सोबत न्यावी. नळीत पाणी भरून दोन्ही तोंडं बुचाने बंद करावीत, विकणाऱ्याच्या घरचा चहा होईपर्यंत, अर्धा तास, तशीच ठेवावी, मग ते पाणी पेल्यात काढून हुंगावं. नळी इंग्रजी ‘यू’सारखी वाकवून बाहेरच्या बाजूला भेगा दिसतात का ते बघावं. आत पांढरं फडकं फिरवावं. काळं निघालं तर रबराचा पृष्ठभाग सुटायला लागला आहे, आणि बोटाला चिकट लागलं तर स्निग्धांश रबरात मुरून रबर फुगलं आहे. अशी नळी कितीही धुतली तरी कोरडी असताना चांगली वागते आणि गरम दूध लागलं की पोटातलं बाहेर काढते. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी दुधाळ, पिवळट झाली असेल तर तिचंही तेच. सिलिकॉनची असेल तर वाचण्याची आशा जास्त.

स्टील धुता येतं, पंप दुरुस्त होतो, मोटार भरून मिळते. रबर मात्र जुन्या मशीनमध्ये धरूच नये. बादलीमागे चार लायनर, क्लॉच्या आखूड नळ्या, दुधाची लांब नळी, हवेच्या नळ्या, झाकणाचं वायसर, असा दोन्ही बादल्यांचा पूर्ण संच दुकानात काय पडतो ते आधी फोन करून विचारावं, आणि तो आकडा सांगितलेल्या किमतीतून वजा करून मगच बोलायला सुरुवात करावी. विकणारा म्हणेल, “अहो भाऊ, नळ्या तर चांगल्याच आहेत की!” मग त्याच्यापुढे पेला धरावा.